ब्लॉकेज किती टक्के, यापेक्षा पारी किती जाड

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतील एक बाई प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये दोन पानी रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचे यजमान एका रविवारी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. वय ५२. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा झाला, शवविच्छेदन झाले आणि हृदय पुढील तपासणीसाठी पॅथॉलॉजी विभागाकडे पाठवले गेले. त्याचा इंग्रजी अहवाल काही महिन्यांनी हाती आला होता आणि त्यातील तीन शब्दांखाली बाईंनी पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते. यजमान रोज पहाटे पुण्यात तळजाईच्या टेकडीवर चालायला जात, दिवाळीनंतर केलेली स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती, मग झटका आलाच कसा? शिवाय "रोजचे ते चालणेच अंगाशी आले" असे दीर चारचौघांत बोलून गेले होते आणि ते त्यांच्या मनाला लागले होते.

मी तीस वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना विकृतिशास्त्र, म्हणजेच पॅथॉलॉजी, शिकवले. पॅथॉलॉजी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे चौकातील रक्त-लघवी तपासणारी लॅब येते, त्यामुळे या विषयाचा हृदयाशी काय संबंध, हेच आधी सांगावे लागते. झटका नेमका कशाने येतो, याचे आज आपल्याकडे असलेले उत्तर बऱ्याच अंशी मृतांची हृदये उघडून पाहण्यात हयात घालवलेल्या मोजक्या माणसांनी मिळवलेले आहे. त्यांनी काय पाहिले आणि कसे पाहिले, ते सांगितल्याशिवाय बाईंच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

आपल्या बोलण्यात हृदयाची धमनी म्हणजे गीझरची नळी असते. बोअरचे पाणी जड असले की नळीत क्षाराचा थर बसतो, धार बारीक होत जाते आणि एक दिवस पाणी येईनासे होते. त्याच चालीवर "साठ टक्के ब्लॉकेज", "नव्वद टक्के ब्लॉकेज" हे शब्द आता भाजीच्या भावासारखे सगळ्यांच्या तोंडी आहेत. हे चित्र अगदीच खोटे नाही. धमनीचा मार्ग साधारण ७० टक्क्यांच्या पुढे अरुंद झाला की चढ चढताना हृदयाच्या स्नायूला पुरेसे रक्त मिळत नाही, छाती भरून येते आणि थांबल्यावर बरे वाटते. याला अंजायना म्हणतात आणि स्ट्रेस टेस्ट मुख्यतः हीच अडचण शोधते. मात्र झटका येण्यासाठी मार्ग आधीपासून इतका अरुंद असावाच लागतो असे नाही, आणि तिथे नळीचे चित्र लंगडे पडते, कारण नळीला जिवंत भिंत नसते.

हृदयधमनी उगमापाशी जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीची असते. तिला आतून एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते, आणि हे अस्तर शाबूत आहे तोवर त्यावरून वाहणारे रक्त गोठत नाही. रक्तातील एलडीएल नावाचे चरबीवाहक कण जास्त असले, साखर किंवा रक्तदाब वाढलेला असला, तंबाखूचा धूर रोज आत जात असला, की हे कण अस्तराखाली झिरपून भिंतीत अडकू लागतात. त्यांना उचलायला रक्तातील पांढऱ्या पेशी आत शिरतात आणि चरबी खाऊन इतक्या फुगतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा फेस झाल्यासारखा दिसतो. पुढे त्या तिथेच मरतात. मेलेल्या पेशी, कोलेस्टेरॉलचे स्फटिक आणि उरलेली चरबी यांचा एक मऊ गाभा तयार होतो. ज्या ग्रीक शब्दावरून 'अथेरोमा' हे नाव आले त्याचा अर्थ पेज किंवा लापशी असा आहे, आणि ज्याने एकदा असा गाभा सुरीच्या टोकावर घेतला आहे त्याला या नावाबद्दल तक्रार उरत नाही. १९०४ साली फेलिक्स मार्चंड या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने त्याला कडकपणाचा अर्थ असलेला शब्द जोडून 'अथेरोस्क्लेरोसिस' हे नाव रूढ केले. पेज आणि कडकपणा या दोन्ही गोष्टी एकाच नावात का आहेत, याचे कारण असे की शरीर या पेजेवर तंतूंचे आवरण घालून तिला रक्तापासून दूर ठेवते.

हे आवरण म्हणजे उकडीच्या मोदकाची पारी समजावी. आत सारण किती आहे याला महत्त्व आहेच, पण मोदक फुटणार की नाही हे पारी किती पातळ झाली आहे यावर ठरते. धमनीतील पारी विणण्याचे काम भिंतीतल्या स्नायुपेशी करत असतात आणि त्याच वेळी दाहामुळे जमलेल्या पांढऱ्या पेशी आपल्या पाचक स्रावांनी ती कुरतडत असतात. विणणे मागे पडले आणि कुरतडणे पुढे गेले की पारी पातळ होते. ती फाटली की रक्ताचा त्या गाभ्याशी संबंध येतो, आणि गाभ्यात रक्त गोठवणारे द्रव्य ठासून भरलेले असल्यामुळे काही मिनिटांत गुठळी तयार होऊ लागते. आदल्या दिवशीपर्यंत निम्मा मोकळा असलेला मार्ग अशा रीतीने एका दुपारी पूर्ण बंद होतो.

यात आणखी एक मेख आहे. भिंतीत मेद साचू लागला की धमनी सुरुवातीला आतून अरुंद होण्याऐवजी बाहेरच्या बाजूने फुगते आणि रक्ताचा मार्ग तेवढाच राखते. शिकागोच्या सेमूर ग्लॅगोव्ह यांनी मृतांच्या डाव्या मुख्य हृदयधमन्या मोजून १९८७ साली असे दाखवले की भिंतीच्या आतील साधारण ४० टक्के जागा मेदाने व्यापेपर्यंत मार्ग फारसा आक्रसत नाही. अँजिओग्राफीत दिसते ती फक्त रंगद्रव्य भरलेल्या मार्गाची सावली, त्यामुळे भिंतीत बरेच काही घडून गेले असले तरी ती सावली सुरेख येऊ शकते. स्ट्रेस टेस्टचे तर त्याहून साधे आहे, कारण रक्त पुरेसे पोहोचत असेल तर ती नॉर्मलच येणार. यजमानांची चाचणी चुकली नव्हती. तिला जो प्रश्न विचारला होता, त्याचे तिने बरोबर उत्तर दिले होते.

आज हे सगळे सरळ वाटते, पण यावर विसाव्या शतकात मोठा वाद झाला. १९१२ साली शिकागोचेच जेम्स हेरिक यांनी, हृदयधमनी गुठळीने अचानक बंद झाली तरी माणूस तत्काळ मरतोच असे नाही, हे रुग्णाच्या लक्षणांवरून आणि शवविच्छेदनावरून मांडले आणि हार्ट अटॅक हे जिवंत माणसात ओळखता येणारे दुखणे झाले. पुढच्याच वर्षी रशियात निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत मेदाचे थर तयार करून दाखवले. १९५३ साली कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय २२ होते आणि तरीही ७७ टक्के जणांच्या धमन्यांत हा रोग डोळ्यांना दिसेल इतका सुरू झालेला होता. रोगाची पायाभरणी तारुण्यातच होते, हे तेव्हा कळले, पण शेवटचा घाव कसा बसतो याचा उलगडा झाला नव्हता. झटक्याने मेलेल्या काही माणसांच्या धमनीत गुठळी सापडे, काहींच्या सापडत नसे. त्यामुळे गुठळी ही झटक्याचे कारण नसून झटक्यानंतर तयार होणारी गोष्ट आहे, असे १९७०च्या दशकापर्यंत अनेक नामांकित विकृतिशास्त्रज्ञ ठामपणे मानत होते.

उत्तर बहुतांशी कापण्याच्या पद्धतीत दडलेले होते. कॅनडात पॅरिस कॉन्स्टँटिनिडिस यांनी १९६६ साली गुठळी असलेल्या धमनीचा तुकडा न सोडता सलग काप घेत घेत तपासला, तेव्हा गुठळीचा माग काढत ते प्रत्येक वेळी आवरणातील एका चिरेपाशी पोहोचले. एखादा काप वगळला असता तर चीर निसटली असती. जिवंत माणसांतील पुरावा १९८० साली मार्कस डिवूड यांच्याकडून आला. झटका सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत अँजिओग्राफी केलेल्या १२६ रुग्णांपैकी ११० जणांची धमनी पूर्ण बंद होती आणि जसजसा वेळ गेला तसतसे हे प्रमाण घटत गेले, कारण शरीर स्वतःच गुठळी विरघळवू लागते. पाठोपाठ १९८४ साली लंडनचे मायकेल डेव्हिस यांनी अचानक मृत्यू आलेल्या १०० माणसांच्या धमन्या कसून तपासल्या आणि ७४ जणांत गुठळी, तर उरलेल्यांपैकी २१ जणांत आवरणातील चीर दाखवली. ताजी इजा अजिबात नाही असे फक्त पाच निघाले. झटका येताच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याला किंवा तातडीने अँजिओप्लास्टी करण्याला आज जो अर्थ आहे, तो या वादाचा निकाल असा लागल्यामुळेच आहे.

याच परंपरेतील ज्या कारकिर्दीकडे मी विद्यार्थ्यांचे लक्ष हमखास वेधत असे, ती डॉ. रेणू विरमानी यांची. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या विरमानी अमेरिकेत गेल्या आणि वॉशिंग्टन येथील सैन्यदलांच्या विकृतिशास्त्र संस्थेत त्यांनी सुमारे दोन दशके हृदय व रक्तवाहिन्या विभागाचे प्रमुखपद सांभाळले. पुढे मेरीलँडमधील गेदर्सबर्ग येथे त्यांनी याच कामासाठी स्वतंत्र संस्था चालवली. सैन्याच्या त्या संस्थेचा उगम १८६२ सालच्या, म्हणजे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातील, लष्करी वैद्यकीय संग्रहालयात होता आणि २०११ साली ती बंद होईपर्यंत तिथे जगातील एक मोठा ऊतींचा साठा जमला होता. पुणेकरांना यात नवल वाटू नये. आपले आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजही १९४८ साली लष्कराच्या वैद्यकीय तुकड्या एकत्र करूनच उभे राहिले. तरुण, वरकरणी निरोगी माणसे अचानक मेली तर त्यांचे कारण शोधण्याची आणि शोधल्यावर नमुना जपून ठेवण्याची शिस्त सैन्याला परवडते, आणि हृदयाच्या विकृतिशास्त्राने त्या शिस्तीचा पुरेपूर लाभ घेतला आहे.

विरमानी आणि त्यांचे सहकारी अँड्र्यू फार्ब, ॲलन बर्क, फ्रँक कोलॉजी यांच्याकडे येणारी बरीचशी हृदये मेरीलँड राज्याच्या वैद्यकीय तपासनीसाच्या कार्यालयातून येत, म्हणजे आपल्याकडे अकस्मात मृत्यूच्या नोंदीतून येतात तशीच. अशा हृदयांची एक अडचण असते. रक्तपुरवठा पूर्ण तुटल्यावर स्नायूपेशी वीस ते चाळीस मिनिटांत परत न येण्याच्या वाटेला लागतात, पण ते मरण डोळ्यांना दिसायला वेळ लागतो. सुमारे अर्ध्या दिवसाने स्नायूवर गडद, डागाळ छटा येते, तिसऱ्या दिवसापासून मधला भाग पिवळा व मऊ होऊ लागतो, आठवड्याच्या आगेमागे तो इतका लिबलिबीत होतो की भिंत फुटण्याची भीती सर्वाधिक असते, आणि दोन महिन्यांनी तिथे पांढरा, चिवट व्रण उरतो. एका विशिष्ट रसायनात हृदयाची चकती बुडवली तर जिवंत स्नायू विटेसारखा लाल होतो आणि मेलेला फिका राहतो, पण तेही दोन-तीन तास उलटले असतील तरच. जो माणूस पंधरा मिनिटांत गेला त्याचा स्नायू काहीच सांगत नाही. मग बोलायचे ते धमनीनेच.

धमनीला बोलते करण्यात मी एकदा सपशेल चुकले आहे. एम.डी. करत असताना, पहिल्याच वर्षी, एका चाळिशीतल्या माणसाचे हृदय माझ्या टेबलावर आले. जुन्या पुस्तकात दाखवल्याप्रमाणे मी बारीक कात्री घेतली, तिचे टोक उगमातून आत सरकवले आणि धमनी उभी उघडत नेली. आत रक्ताचे तुकडे दिसले, भिंत खरखरीत लागली, कात्री दोन ठिकाणी कॅल्शियमवर अडखळली. "गुठळी आढळली नाही" असे लिहून मी कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी धमनी उलटसुलट पाहिली आणि शांतपणे विचारले, "अगं, गुठळी नव्हती, की तू ती कात्रीने पुढे ढकललीस?" उत्तर देणे शक्यच नव्हते, कारण पुरावा मी स्वतः मोडला होता. उभी उघडलेली धमनी पुन्हा आडवी कापता येत नाही. त्या माणसाच्या मृत्यूचे कारण कागदावर मोघमच राहिले आणि ते कागद आजही कुठेतरी असतील.

बरोबर पद्धत संथ आहे. मेल्यावर रिकामी धमनी चिमटते, म्हणून शक्य असेल तिथे जिवंतपणी असतो तेवढ्या, साधारण १०० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने फॉर्मॅलिन आत सोडून ती फुगलेल्या स्थितीतच घट्ट करतात. मग एक्स-रे काढून कॅल्शियम कुठे कुठे आहे ते पाहतात. कॅल्शियम असेल तर तो विरघळवणाऱ्या द्रवात धमनी काही दिवस ठेवावी लागते, नाहीतर पाते दाताळते आणि काप फाटतो. त्यानंतर धारदार पात्याने दर तीन मिलिमीटरवर आडवा काप घेत जायचे, भाकरीसारखा दाब न देता, काकडीच्या चकत्या करतात तसे. प्रत्येक चकती मेणात बसवून तिचा चार-पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा पापुद्रा काचेवर घेतला जातो आणि त्याला मोव्हॅट नावाचे पाचरंगी रंजक दिले की भिंतीचा नकाशा उमटतो. तंतू पिवळे, लवचीक पडदे काळे, नवी विणकाम चाललेली जागा निळसर हिरवी, स्नायू लाल आणि ताजी गुठळी भडक लाल. एका हृदयाच्या तीन मुख्य धमन्यांतून पन्नासहून अधिक काचपट्ट्या सहज निघतात. कारकीर्द म्हणजे काय, तर हेच वर्षानुवर्षे, शेकडो हृदयांवर, न कंटाळता. परिषदांतील भाषणे आणि पुरस्कार यांचा त्यातील वाटा फारच थोडा असतो.

या चिकाटीतून निघालेले निष्कर्ष मात्र मोठे आहेत. १९९६ साली या गटाने गुठळीमुळे अचानक मृत्यू आलेल्या ५० माणसांच्या धमन्या मांडल्या. २८ जणांत पारी फाटलेली होती, पण २२ जणांत ती कुठेही फाटलेली नव्हती. फक्त आतले एका पेशीचे अस्तर खरवडल्यासारखे गेले होते आणि त्या उघड्या जागेवर गुठळी धरली होती. या दुसऱ्या प्रकाराला झीज किंवा इरोजन म्हणतात. फाटलेल्यांचे सरासरी वय ५३ होते, झीज झालेल्यांचे ४४, आणि झीज झालेल्यांत निम्म्या स्त्रिया होत्या. चाळिशीतल्या बाईच्या छातीतील दुखण्याला आपल्याकडे "ॲसिडिटी असेल, टेन्शन असेल" म्हणून किती सहज वाटेला लावले जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसऱ्याच वर्षी ११३ पुरुषांच्या पाहणीत ५९ जणांत ताजी गुठळी सापडली, त्यांपैकी ४१ फाटण्याच्या आणि १८ झिजेच्या. गुठळीचा धूम्रपानाशी संबंध स्पष्ट दिसला, तर पातळ पारीचा संबंध कोलेस्टेरॉलच्या बिघडलेल्या प्रमाणाशी. याच कामात पारीची जाडी मोजली गेली. फाटलेल्या ठिकाणी ती सरासरी २३ मायक्रॉन निघाली आणि जवळपास सगळ्याच फाटलेल्या पाऱ्या ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ होत्या, म्हणजे डोक्याच्या एका केसाएवढ्याही जाड नव्हत्या. आज जगभर धोकादायक थर ओळखताना ६५ मायक्रॉन हा जो आकडा वापरतात, तो इथून आला. त्यानंतर २०००मध्ये विरमानींनी हृदयधमनीतील थरांचे नवे वर्गीकरण मांडले आणि गुठळीची तीन मुळे वेगळी केली: फाटणे, झीज आणि क्वचित दिसणारी कॅल्शियमची टोकदार गाठ. २००३ साली त्यांच्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. थराच्या आत उगवलेल्या नाजूक केशवाहिन्यांतून रक्त झिरपते आणि त्या रक्तपेशींच्या पातळ पडद्यातील कोलेस्टेरॉलही गाभ्यात भर घालते. आहारातील तूप मोजणाऱ्यांना हे सहसा सुचत नाही.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटते ती मुकी फाटाफूट. अचानक मेलेल्या पुरुषांच्या धमन्यांत या गटाला अर्ध्याहून अधिक जणांत जुन्या, भरून आलेल्या फाटण्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे पारी आधीही फाटली होती, छोटी गुठळी धरली होती, शरीराने तिच्यावर नवे तंतू विणले आणि मार्ग थोडा अरुंद करून प्रकरण मिटवले. माणसाला पत्ताही लागला नाही. काचपट्टीवर ते झाडाच्या वर्तुळांसारखे, एकावर एक, वेगळ्या रंगाच्या थरांत दिसते. नळीत क्षार रोज थोडा थोडा साचतो, पण धमनी अशी टप्प्याटप्प्यानेही अरुंद होत जाते.

स्टेंटच्या बाबतीतही याच टेबलावरून वेळीच इशारा मिळाला. साध्या धातूचा स्टेंट, म्हणजे मार्ग उघडा ठेवणारी तारांची जाळी, घातला की त्या इजेने भिंतीतील स्नायुपेशी वाढून मार्ग पुन्हा बुजत असे, म्हणून पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाचा लेप दिलेले स्टेंट आले. अमेरिकेत ते २००३पासून वापरात आले आणि आता प्रश्न सुटला असे वाटू लागले. २००४ साली विरमानींनी असा स्टेंट घातल्यावर १८ महिन्यांनी त्यातच गुठळी होऊन दगावलेल्या एका रुग्णाची धमनी उघडून दाखवली. २००६ साली असे स्टेंट असलेल्या २३ रुग्णांच्या शवविच्छेदनाचा अभ्यास आला. लेपातील औषध नको असलेली वाढ रोखत होते, पण त्याचबरोबर तारांवर नवे अस्तर धरणेही लांबवत होते. उघड्या तारांवर महिनोन् महिने गुठळीचा धागा तसाच पडून होता. त्या वर्षाअखेरीस अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी तज्ज्ञांची बैठक बोलावली, रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या किमान वर्षभर द्याव्यात यावर भर आला, आणि पुढच्या पिढीतील स्टेंटच्या तारा बारीक व लेप अधिक सुसह्य झाले. आता कोणाला किती महिने गोळ्या, हे रुग्णागणिक ठरते. २०१७ साली सरकारने आपल्याकडे स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा पुण्यात किमतींवर भरपूर बोलले गेले. अस्तराबद्दल बोलले गेले असते, तर "आता बरे वाटते" म्हणून तिसऱ्या महिन्यात परस्पर गोळी सोडणारे कदाचित थोडे कमी झाले असते.

कोलेस्टेरॉलच्या गोळीचेही तसेच. स्टॅटिन घेतल्यावर अँजिओग्राफीतील टक्के फारसे हलत नाहीत, म्हणून ती निरुपयोगी आहे असे ठरवणारे मला दर महिन्याला भेटतात. ती मार्ग रुंद करत नाही हे खरे, पण सारण कमी करते, दाह शमवते आणि पारी जाड होऊ देते, आणि झटका टाळण्यासाठी हवे असते ते तेवढेच. आता दहा मायक्रॉनपर्यंतचे बारकावे टिपणारी प्रकाशकिरणांची तार जिवंत माणसाच्या धमनीत सोडून पारी मोजता येते, आणि झीज असलेल्या निवडक रुग्णांना स्टेंट न घालता केवळ औषधांवर ठेवून पाहण्याचे प्रयोगही झाले आहेत. तरीही उत्साह आवरावा लागतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ६९७ रुग्णांच्या पाहणीत पातळ पारीचे म्हणून ओळखलेले बहुतेक थर तीन वर्षांत काहीही त्रास न देता तसेच राहिले. मेलेल्यांत फाटलेली पारी पातळ असते, यावरून जिवंतांतील प्रत्येक पातळ पारी फाटतेच असे म्हणता येत नाही. नेमकी कोणती आणि केव्हा, हे अजून सांगता येत नाही.

बाईंनी अडखळत विचारले होते, "त्यांचे पोटही सुटलेले नव्हते हो." याचे उत्तर शोधायला मेरीलँडला जावे लागत नाही, रास्ता पेठेपर्यंत गेले तरी पुरे. तेथील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला. इथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची, पण वजनातील ही तफावत स्नायूंत होती तेवढी त्वचेखालच्या चरबीत नव्हती. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार, अशी ही ठेवण जन्मापासूनच असते. पुढे २००४ साली याज्ञिकांनी आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ असताना एकाच्या अंगात ९.१ टक्के चरबी होती आणि दुसऱ्याच्या २१.२ टक्के. जास्त कोणाच्या, हे पुणेकरांना सांगायला नको. ही चरबी साखर आणि रक्तातील मेद बिघडवते, आणि पहिला झटका दक्षिण आशियाई माणसाला सरासरी ५३व्या वर्षी, तर इतरांना जवळपास ५९व्या वर्षी येतो असे जे एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले, त्यामागे तिचा हात आहे. सुटलेले पोट नसणे ही खात्री नव्हे.

मग आम्ही रिपोर्टकडे वळलो. बाईंनी ज्या तीन शब्दांखाली रेघा मारल्या होत्या, ते होते फाटलेला थर, ताजी गुठळी आणि भरून आलेला जुना थर. डाव्या बाजूच्या पुढे उतरणाऱ्या धमनीत, उगमापासून दोन सेंटिमीटरच्या आसपास, गुठळी धरण्यापूर्वीचा मार्ग निम्म्याहून थोडा अधिक मोकळा होता. ज्याने कोणी हे हृदय कापले होते त्याने कात्री वापरलेली नव्हती, हे वर्णनावरून कळत होते. जुना थर म्हणजे काय, ते मी त्यांना समजावले. किती जुना, हे महिन्यांच्या अंदाजापलीकडे सांगता येत नाही आणि बहुधा तेव्हा काही जाणवलेही नसेल, असेही सांगितले. त्यांनी मात्र आदल्या गणपतीतली एक रात्र आठवून पाहिली, जेव्हा यजमान मिरवणूक अर्धी सोडून घरी आले होते आणि सोडा पिऊन झोपले होते. ती रात्र आणि तो थर एकच, असे मी म्हटले नाही, कारण तसे म्हणायला काचपट्टीत काही आधार नव्हता.

"आणि चालण्याचे?" त्यांनी फाइल बंद करता करता विचारले. सवय नसलेल्या माणसाने एकदम जोर केला तर त्या तासापुरता धोका वाढतो, रोज चालणाऱ्याला ती वाढ फार थोडी असते, आणि यजमान तर त्या दिवशी दुपारी घरात पडून होते, असे मी सांगितले. दिरांना सांगायचे असेल तर एवढेच सांगा, म्हटले. त्यांनी ते पेन्सिलीने फाइलच्या आतल्या बाजूला मराठीत लिहून घेतले.